जनावराची ओळख सक्तीची असावी, पण बंधन दोन्ही बाजूंना हवे

डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका दुभत्या गायीला मॅड काऊ रोग झाल्याचे निष्पन्न झाले. हा रोग सापडलेले अमेरिकेतले ते पहिले जनावर. गाय मूळची कॅनडातल्या अल्बर्टाची, आणि तिच्यासह ८१ जनावरांचा कळप २००१ मध्ये सीमा ओलांडून आला होता. ही सगळी जनावरे आता कुठे आहेत, हे शोधायला सरकारी पशुवैद्यक कामाला लागले. फेब्रुवारी २००४ मध्ये शोध थांबवला तेव्हा ८१ पैकी फक्त २९ जनावरांचा पक्का ठावठिकाणा लागला होता. बाकीची कुठल्या गोठ्यात गेली की कत्तलखान्यात, हे कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हते. तोवर जपान, दक्षिण कोरिया आणि इतर अनेक देशांनी अमेरिकी गोमांसाला दारे बंद केली होती.

प्रत्येक जनावराला सरकारी क्रमांक द्यावा की नाही, हा वाद तिथे पेटला तो या घटनेनंतर. वीस वर्षे उलटली तरी तो विझलेला नाही. मी या वादात सक्तीच्या बाजूने आहे. पण ही सक्ती आजवर ज्या रीतीने मागितली गेली, ती मला अन्यायाची वाटते. विरोध करणाऱ्या लहान पशुपालकांना अडाणी किंवा प्रगतीचे वैरी ठरवून जे लिहिले जाते, ते तर मला अजिबात मान्य नाही.

आधी सक्ती का हवी, ते पाहू. लाळ-खुरकूत झालेले जनावर तोंडातून लाळ गाळू लागण्याआधीच विषाणू बाहेर टाकू लागते. मालकाला ते धडधाकट दिसते, तो ते बाजारात नेतो, तिथून ते तिसऱ्याच गावी जाते. ब्रिटनमध्ये २००१ साली नेमके हेच झाले. २० फेब्रुवारीला पहिला रुग्ण नक्की झाला, २३ तारखेला जनावरांच्या वाहतुकीवर बंदी आली. पण नंतरच्या तपासणीत दिसले की पहिल्या रुग्णाची खात्री पटली त्या दिवशीच किमान ५७ शेतांवर संसर्ग पोचलेला होता. हेक्सॅमसारख्या बाजारांतून गेलेल्या मेंढ्या देशभर पसरल्या होत्या. गायी-बैलांना तेव्हा पासपोर्ट होते, मध्यवर्ती नोंद होती, कारण मॅड काऊच्या संकटाने ती धडपड आधीच करायला लावली होती. मेंढ्यांना मात्र स्वतंत्र ओळख नव्हती. व्यापारी एका दिवसात मेंढ्या घेत आणि विकत, कळप फोडले जात आणि पुन्हा जोडले जात, आणि कुठली मेंढी कुठून आली याचा मागमूस राहत नसे.

पुढे जे घडले ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. २,०२६ शेतांवर रोग नोंदला गेला आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. त्यांतली बरीचशी निरोगी होती. रोगी शेतावरची जनावरे २४ तासांत आणि लगतच्या शेतांवरची ४८ तासांत मारायची, असे धोरण ठरले. कंब्रियात तर तीन किलोमीटरच्या परिघातल्या मेंढ्या काढून टाकल्या गेल्या. ज्या मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या एकाच डोंगरावर एकाच वाणाच्या मेंढ्या राखल्या, त्यांचे कळप एका दुपारीत संपले.

या कत्तलीकडे बोट दाखवून विरोधक म्हणतात: पाहा, सरकारला तुमच्या गोठ्याचा पत्ता कळला की ते काय करते! हा आक्षेप मी हलका मानत नाही. नोंदणीकृत गोठा म्हणजे कत्तलीच्या नकाशावरचा एक ठिपका, ही भीती अनुभवातून आलेली आहे. पण मला त्याच घटनेतून उलटा निष्कर्ष निघताना दिसतो. कोणते जनावर कोणाच्या संपर्कात आले हे माहीत असते, तर तेवढीच जनावरे वेगळी काढून तपासता आली असती. ते माहीत नव्हते, म्हणून सरकारने नकाशावर वर्तुळ काढले आणि वर्तुळात येईल ते मारले. सुक्याबरोबर ओले जळाले ते अज्ञानामुळे. निरोगी कळप वाचवायचा असेल तर तो निरोगी आहे आणि रोगी कळपाच्या वाऱ्यालाही उभा राहिलेला नाही, हे सिद्ध करणारा कागद मालकाकडे हवा. असा कागद जनावराच्या ओळखीशिवाय तयार होत नाही. युरोपीय संघाने २०१० पासून मेंढ्या-शेळ्यांनाही इलेक्ट्रॉनिक ओळख लागू केली, त्यामागे २००१ सालची आठवण होती.

ही गोष्ट प्रत्येकाच्या मर्जीवर सोडता येत नाही. रोग कुंपण पाहून थांबत नाही. माझ्या शेजाऱ्याने नोंद ठेवली आणि मी ठेवली नाही, तर साखळी माझ्यापाशी तुटते आणि त्याची नोंदही निरुपयोगी होते. न्यूझीलंडला याचा फार महाग धडा मिळाला. तिथे २०१२ पासून गुरांची नोंदणी सक्तीची होती. जुलै २०१७ मध्ये मायकोप्लाझ्मा बोव्हिस हा जिवाणू सापडला आणि तपास अधिकारी नोंदी उघडून बसले, तेव्हा ध्यानात आले की जनावरांच्या कितीतरी हालचाली नोंदवल्याच गेल्या नव्हत्या. वासरे एका शेतावरून दुसऱ्यावर गेली होती, चराईसाठी कळप हलले होते, आणि कागदावर मात्र ती जिथल्या तिथे उभी होती. मग शेतकऱ्यांच्या डायऱ्या, दुधाचे हिशेब, ट्रकवाल्यांच्या पावत्या धुंडाळत मागोवा घ्यावा लागला. रोग निर्मूलनासाठी दहा वर्षांचा ८८ कोटी ६० लाख न्यूझीलंड डॉलरचा कार्यक्रम आखला गेला आणि दीड लाखाहून अधिक गुरे मारावी लागली. कायदा होता, बिल्ले होते, फक्त कायद्याची पाठराखण करायला शेतकरी मनापासून तयार नव्हते. सक्ती कागदावर आणणे सोपे असते. ती गोठ्यापर्यंत पोचते ती पशुपालकाला तिच्यात स्वतःचे हित दिसले तरच.

आणि इथेच अमेरिकेची योजना फसली.

एप्रिल २००४ मध्ये तिथल्या कृषी खात्याने राष्ट्रीय पशू ओळख योजना जाहीर केली. तिच्या तीन पायऱ्या होत्या: आधी जनावर असलेल्या प्रत्येक जागेची नोंदणी, मग प्रत्येक जनावराला क्रमांक, आणि शेवटी त्या जनावराच्या प्रत्येक हालचालीची नोंद. रोग दिसल्यापासून ४८ तासांत माग काढायचा, हे उद्दिष्ट. २००५ च्या आराखड्यात जानेवारी २००९ पासून सक्ती करण्याचा बेत होता. गायी, डुकरे, मेंढ्या, शेळ्या, घोडे, कोंबड्या, अगदी लामा नावाचे उंटासारखे जनावरसुद्धा त्यात येत होते. परसात चार कोंबड्या पाळणाऱ्या म्हातारीलाही आपल्या घराचा क्रमांक घ्यावा लागणार, हे लोकांना कळले आणि गावोगावच्या सभा तापू लागल्या.

या विरोधाला अमेरिकी स्वभावातला सरकारद्वेष म्हणून मोडीत काढणे सोयीचे आहे, पण खरे नाही. पश्चिमेकडच्या राज्यांत जनावराला डाग देऊन त्या डागाची सरकारदरबारी नोंद करण्याची पद्धत शंभराहून अधिक वर्षांची आहे. गायींच्या सांसर्गिक गर्भपात या रोगाविरुद्धची मोहीम १९३४ साली सुरू झाली, आणि पुढे लस टोचलेल्या कालवडीच्या कानात धातूचा नारिंगी बिल्ला मारला जाऊ लागला. पशुपालकांनी तो दशकानुदशके मारू दिला. कारण उघड होते. डागामुळे चोरीला गेलेले जनावर परत मिळे. बिल्ल्यामुळे कालवडीला चांगला भाव येई आणि गर्भ गळण्याचे संकट टळे. खूण त्याच्या कामाची होती. रोग आटोक्यात आला तशी लस आणि तपासणी कमी झाली, बिल्लेही कमी झाले, आणि एका रोगावरच्या विजयामुळे पुढच्या रोगाचा माग काढण्याचे साधन हातातून गेले. ही पोकळी भरणे गरजेचेच होते. प्रश्न होता तो कोणाच्या खर्चाने आणि कोणासाठी, हा.

नव्या योजनेत एक कलम होते, त्यावर माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. जी जनावरे जन्मापासून कत्तलीपर्यंत एकाच गटात एकत्र राहतात आणि एकत्र हलतात, त्यांना मिळून एकच गट-क्रमांक पुरेसा होता. तांत्रिकदृष्ट्या ही सवलत समजण्यासारखी आहे. हजारो कोंबड्या एकाच दिवशी शेडमध्ये येतात आणि एकाच दिवशी बाहेर जातात, तिथे प्रत्येकीला क्रमांक देण्यात अर्थ नाही. पण परिणाम काय झाला पाहा. हजारो डुकरे किंवा कोंबड्या पोसणाऱ्या कंपनीला एक क्रमांक पुरला असता. दोन गायी, पाच मेंढ्या आणि वेगवेगळ्या वयाची कोंबडी एकत्र चारणाऱ्या लहान शेतकऱ्याला मात्र जनावरागणिक क्रमांक, जनावरागणिक बिल्ला, जनावरागणिक नोंद. दर जनावरामागचा खर्च त्याच्याच माथी जास्त. आणि ज्या निर्यात बाजाराच्या रक्षणासाठी हे सगळे चालले होते, त्यात त्याचा वाटा नगण्य. त्याचे मांस आणि अंडी आसपासच्या लोकांनाच विकली जात होती. ज्याला लाभ नाही त्याने भार उचलायचा, आणि ज्याला लाभ आहे त्याला सवलत, अशी ती मांडणी होती. टेक्सासपासून व्हरमाँटपर्यंत जे लोक या विरोधात उभे राहिले, त्यांचे गणित चुकलेले नव्हते.

आमिश या आधुनिक साधनांपासून दूर राहणाऱ्या ख्रिस्ती समाजाचा आक्षेप वेगळ्या जातीचा होता. त्यांच्यातल्या अनेकांना जनावराला आणि जागेला सरकारी क्रमांक देणे हे बायबलमधल्या ‘श्वापदाच्या खुणे’कडे, म्हणजे देवाच्या वैऱ्याशी निष्ठा दाखवणाऱ्या खुणेकडे, जाणारे पाऊल वाटत होते. विस्कॉन्सिनने सगळ्या राज्यांच्या आधी जागेची नोंदणी सक्तीची केली आणि नोंदणी नाकारणाऱ्या एका आमिश शेतकऱ्यावर खटला भरला. न्यायालयाने शेवटी त्याच्या धर्मस्वातंत्र्याच्या बाजूने निकाल दिला. मला त्या श्रद्धेत सहभागी होता येणार नाही, पण एवढे वाटते की घोडागाडीतून फिरणाऱ्या, क्वचितच दूरच्या बाजारात जाणाऱ्या माणसाच्या मागे लागून राज्याने रोगनियंत्रणाचे कोणतेही मोठे काम साधले नसते. कायद्याचा जोर कुठे लावायचा याचे तारतम्य सुटले की कायद्याबद्दलचा विश्वासही सुटतो.

नोव्हेंबर २००६ मध्ये कृषी खात्याने योजना ऐच्छिक केली. फेब्रुवारी २०१० मध्ये कृषिमंत्री टॉम व्हिल्सॅक यांनी ती गुंडाळलीच. बारा कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता आणि सहभाग जेमतेम ३६ टक्के होता.

पाळतीच्या भीतीबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे, कारण तिथे विरोधकांनीही गोंधळ वाढवला. गुरांच्या कानातल्या साध्या इलेक्ट्रॉनिक बिल्ल्यात बॅटरी नसते. वाचणारे यंत्र अगदी जवळ आणले की तो आपला १५ अंकी क्रमांक सांगतो, बस्स. उपग्रहावरून तो दिसत नाही आणि जनावर कुठे आहे हे त्याला स्वतःला ठाऊक नसते. भीती बाळगायची असेल तर ती माहिती जिथे साठते त्या संगणकाची बाळगावी. तिथे मात्र ती रास्त आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने हजारो पशुपालकांची नावे, पत्ते, फोन क्रमांक आणि ठिकाणे माहितीच्या अधिकाराखाली काही संघटनांना देऊन टाकली. अनेक कुटुंबांचे घर आणि गोठा एकाच पत्त्यावर होते. तीन वर्षांनी एका संघीय अपील न्यायालयाने हा खासगीपणाचा भंग असल्याचे म्हटले. रोगासाठी गोळा केलेली माहिती उद्या कर, कर्जवसुली, बाजारातली सट्टेबाजी किंवा खटल्यासाठी वापरली जाणार नाही, ही हमी अधिकाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर सोडता येत नाही. ती कायद्यात हवी, आणि माहिती फोडणाऱ्याला शिक्षाही त्याच कायद्यात हवी.

मला आणखी एक विसंगती खटकते. अमेरिकेत पोसलेल्या गुरांपैकी सुमारे ८५ टक्के गुरे चार मोठ्या मांस कंपन्यांच्या हातून कापली जातात. पशुपालकाने आपल्या गायीचा जन्मापासूनचा हिशेब द्यावा, असे म्हणणाऱ्या व्यवस्थेत कत्तलखान्याच्या दारात हा हिशेब संपतो. ग्राहकाच्या हाती पडलेल्या तुकड्यावर तो कुठल्या देशातल्या जनावराचा, हे सांगण्याचे बंधनही २०१५ च्या डिसेंबरात काढून टाकले गेले. कॅनडा आणि मेक्सिकोने जागतिक व्यापार संघटनेत केलेल्या तक्रारीचा निकाल त्याला कारण ठरला. जपानने याच्या नेमके उलटे केले. २००१ मध्ये तिथे मॅड काऊ सापडला, लोकांचा गोमांसावरचा विश्वास उडाला, आणि २००३ मध्ये कायदा करून प्रत्येक गुराला दहा अंकी क्रमांक दिला गेला. तो क्रमांक दुकानातल्या पाकिटापर्यंत जातो. ग्राहक तो टाकून जनावर कुठे जन्मले, कुठे वाढले, हे पाहू शकतो. म्हणजे चांगले जनावर पोसणाऱ्याचे नाव ग्राहकापर्यंत पोचते आणि क्रमांक त्याच्याही कामी येतो. उघडेपणा मागायचा तर गोठ्यापासून दुकानापर्यंत सगळ्यांकडून मागावा. फक्त गोठ्याकडून मागितला तर त्यात दुबळ्याला धरल्याचाच वास येतो.

हे सगळे अशक्यप्राय वाटत असेल तर उरुग्वेकडे पाहावे. माणसे पस्तीस लाखांच्या आसपास, आणि गुरे त्याच्या तिपटीहून अधिक. २००१ मध्ये लाळ-खुरकुतीने या देशाची निर्यात बुडवली होती. २००६ मध्ये तिथे कायदा झाला आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून जन्मणाऱ्या प्रत्येक वासराला बिल्ला सक्तीचा झाला. एका कानात डोळ्याने वाचता येणारा, दुसऱ्या कानात इलेक्ट्रॉनिक. महत्त्वाचे म्हणजे बिल्ले सरकारने फुकट दिले. शिवाय जुनी जनावरे शोधून शोधून त्यांच्या मागे न लागता नवीन वासरांपासून सुरुवात केली, म्हणजे काही वर्षांत सगळा कळप आपोआप व्यवस्थेत आला. जनावरांची वार्षिक नोंद आणि हालचालीचा दाखला ही पद्धत तिथे १९७० च्या दशकापासून होती. इमारत त्या पायावर उभी राहिली. अमेरिकेने पाया न घालता कळस चढवायला घेतला होता.

उरुग्वेचा देश लहान, गुरे हाच त्याचा मुख्य व्यवसाय, तिथले सगळे दुसरीकडे जसेच्या तसे चालणार नाही, हे खरे. पण एक गोष्ट कुठेही चालेल: सार्वजनिक हितासाठी सक्ती करायची तर खर्च सार्वजनिक तिजोरीतून करावा. साथ आली तर नुकसान फक्त पशुपालकाचे होत नाही. दूध महागते, बंदरे बंद होतात, ज्याने कधी गाय पाहिली नाही त्याचाही रोजगार जातो. मग प्रतिबंधाचा खर्च एकट्या पशुपालकाने का सोसावा?

सक्ती कुठून सुरू व्हावी, यावरही माझे मत ठाम आहे. जनावर मालकाच्या हद्दीत जन्मले, तिथेच वाढले आणि तिथेच संपले, तर सरकारने त्याच्या कानाला हात लावू नये. ते दुसऱ्याच्या जनावरांत मिसळायला निघाले, बाजारात, प्रदर्शनात, दुसऱ्याच्या कुरणात, की तिथून बंधन लागू व्हावे, आणि मग त्यात लहान-मोठा भेद नसावा. अमेरिकेने २०१३ साली आणलेला नियम साधारण याच दिशेचा होता. राज्याची हद्द ओलांडणाऱ्या जनावरांनाच तो लागू होता, आणि जुन्या योजनेइतका रोष त्याच्या वाट्याला आला नाही. त्यात कमतरता राहिली ती अशी की मांसासाठी पोसलेली अठरा महिन्यांखालची गुरे त्यातून वगळली गेली, म्हणजे सर्वांत जास्त फिरणारा वर्ग बाहेरच राहिला. वगळण्यात आलेली ही गुरे प्रामुख्याने मोठ्या खाद्यगोठ्यांकडे, म्हणजे कत्तलीआधी गुरे पोसून जाड करणाऱ्या गोठ्यांकडे, जाणारी. पुन्हा तोच पक्षपात.

भरपाईचा मुद्दा अनेक लेखांत शेवटच्या ओळीत येतो. माझ्या मते तो पहिल्या कलमात असावा. रोगाची पहिली खबर सरकार कधीच देत नाही, गोठ्यातला माणूस देतो. सकाळी धार काढताना जनावर चाऱ्याला तोंड लावत नाही, हे त्याच्या लक्षात येते. त्या क्षणी त्याने फोन उचलावा की गप्प बसून ते जनावर हेड्याला विकून टाकावे, हे पुढे काय होणार यावर अवलंबून असते. कळप मारला जाणार, पैसे दीड वर्षाने मिळणार आणि तेही वाद घालून, असे दिसत असेल तर मोजकेच लोक फोन उचलतील. न्यूझीलंडमध्ये भरपाई रखडल्याच्या तक्रारी खूप झाल्या आणि कुटुंबे मानसिकदृष्ट्या खचली. ठरलेल्या मुदतीत, बाजारभावाने, दुधाचे बुडालेले उत्पन्न धरून पैसे मिळतील, हे आधीच लिहून दिलेले असेल तर बिल्ला हा त्या पैशाचा पुरावा ठरतो. मग तो मारून घ्यायला कोणी नको म्हणणार नाही.

मार्च २०२४ मध्ये टेक्सास आणि कॅन्सासच्या दुभत्या गायींत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. गायींच्या वाहतुकीबरोबर तो टेक्सासहून मिशिगनसारख्या दूरच्या राज्यांत पोचला. विषाणूच्या जनुकांच्या अभ्यासावरून असे दिसते की सापडण्याआधी काही महिने तो कळपांत फिरत होता. त्याच वर्षी मे महिन्यात कृषी खात्याने नवा नियम काढला. राज्याबाहेर जाणारी सर्व दुभती जनावरे आणि मांसासाठी पाळलेल्यांपैकी अठरा महिन्यांवरची प्रजननक्षम गुरे यांना इलेक्ट्रॉनिक बिल्ला असलाच पाहिजे. ५ नोव्हेंबर २०२४ पासून तो लागू झाला. आर-काफ या पशुपालक संघटनेने लगेच न्यायालयात धाव घेतली, आणि संसदेत मायकेल राउंड्स व हॅरिएट हेगमन यांनी नियम रोखण्यासाठी विधेयके मांडली. डोळ्याने वाचता येणारा जुना धातूचा बिल्ला स्वस्त आहे आणि काम भागवतो, हे त्यांचे म्हणणे. माझा कल इथे इलेक्ट्रॉनिक बिल्ल्याकडे आहे. बाजारात एका दिवशी हजारो गुरे फाटकातून जातात, तिथे जनावराचे डोके शिकंज्यात धरून कानातले अंक वाचणे आणि हाताने उतरवणे यात चुका होतात, वेळ जातो आणि माणूसही जखमी होतो.

पण विरोधकांची एक मागणी सरकारने आजच मान्य करावी. २०२४ साठी संसदेने मोफत बिल्ले आणि वाचकयंत्रांकरिता दीड कोटी डॉलर दिले. ही तरतूद त्या वर्षापुरती होती. पुढच्या एखाद्या अर्थसंकल्पात अशी तरतूद नसली तर नियम तसाच राहील आणि खर्च पशुपालकाच्या गळ्यात पडेल. उरुग्वेत ज्याप्रमाणे सक्ती आणि मोफत बिल्ला एकत्रच आले, त्याप्रमाणे अमेरिकी नियमातही एक ओळ घालता येईल: ज्या वर्षी सरकार बिल्ल्यांचे पैसे देणार नाही, त्या वर्षी बिल्ला नसल्याबद्दल कोणाचेही जनावर अडवले जाणार नाही.